मसालेभात निवताना

मसालेभात कोमट झाला आणि माझ्या भाचीच्या लग्नातले पाहुणे दुप्पट होऊ लागले. जेवता जेवता माणूस मधोमध आवळला जाई आणि शेजारी तसाच दुसरा मांडी घालून बसलेला असे. टोपी तीच, मिशीला लागलेली कढीही तीच. कार्यालयाची भिंत तेवढी मागे सरके आणि वाढपी नवं पान मांडून जात.

अन्न कधी बिघडणार हे आधी सांगणं हा माझा धंदा. प्रयोगशाळेत दुसरं काही करत नाही मी. ऊब किती, आंबट किती, खारट किती ते सांगा, जंतू किती होतील ते मी सांगतो. त्यामुळे मला नवल वाटलं नाही. काळजी मात्र वाटली, कारण माझी बहीण मंदाताई उपाशी होती. नवरीची आई ती. कन्यादानासाठी सकाळपासून पाण्यावर, आणि घरच्यांची पंगत सगळ्यात शेवटी. पाहुणे असेच दुप्पट होत राहिले तर तिच्या पानात बिघडलेलाच भात पडणार होता.

मी तिच्या नवऱ्याला गाठलं. "दाजी, सगळ्यांना एकदम उठवा. आत्ताच्या आत्ता."

"येडा का काय तू? पाव्हणे हायेत ते," दाजी म्हणाले. "जरा जरा उकडू दे. आपसूक उठतील."

"जरा जरा नको. त्यानं ते सरावतात."

दाजींनी पंखे बंद केले. पाहुणे थबकले, घास हातातच राहिले, कुणी दुप्पट होईना. दाजी माझ्याकडे बघून हसले. मग पाहुण्यांनी घाम पुसला. त्यांची कातडी जाड झाली होती, आणि ते आधीपेक्षा भराभर दुप्पट होऊ लागले.

दाजींनी कढीत लिंबं पिळायला लावली. पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली, थोडं थांबले आणि पुन्हा कढी मागितली. मग मीठही घालून झालं. ते किती थांबतील, नंतर किती होतील, हे मी दर वेळी आधी सांगत होतो आणि दर वेळी बरोबर ठरत होतो. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

शेवटी मीच आचाऱ्याच्या शेगड्या आत ओढून भडकवल्या. पाहुणे आक्रसत गेले आणि हरभऱ्याएवढे टणक होऊन पानांवर पडले. कार्यालय शांत झालं.

"पाव्हणे मारलेस तू," दाजी रडवेले होऊन म्हणाले आणि शेगड्या विझवायला धावले.

"मेले नाहीत. गार झालं की उठतील."

तेवढ्यात मंदाताई पानावर येऊन बसली. चेहरा सुकला होता, तरी हसत होती. "झाल्या बाई एकदाच्या पंगती. वाढा रे."

"ताई, हा भात नको. घरी चल, मी पोहे करतो."

"लेकीच्या लग्नात उपाशी उठू व्हय?"

दाजींनी पंखे लावले. पानांवरचे दाणे फुगले, टोप्या दिसल्या, मग मिशा. पाहुणे उठून उभे राहिले आणि ताईच्या पानापासून दारापर्यंत, दारातून बाहेर दिसेनाशी होईपर्यंत रांग लागली. प्रत्येकाच्या हातात भाताचा घास होता.

"सकाळपासून उपाशी आहात," पहिला पाहुणा वाकून म्हणाला. "आमच्या हातचा एक घास घ्या."

"ताई, तोंड मिट!" मी ओरडलो.

"असं रे काय, पाव्हणे आग्रह करत्यात," मंदाताई म्हणाली. तिनं पदर सावरला आणि तोंड उघडलं.