दक्षिणेचा रकाना

सकाळी साडेनऊ वाजता मी घराला बाहेरून कुलूप लावतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी ते माझ्याकडून वदवून घेतलं असं व्हायला नको. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी माझी बायको सुशीला घरातून निघाली ती संध्याकाळी कोठीच्या बसथांब्यावर सापडली. पायांत चपला नव्हत्या, आणि मला बघून तिने अगदी अदबीने विचारलं की जामबागच्या शाळेकडे कुठली बस जाते. त्या शाळेत तिने सव्वीस वर्षं शिकवलं होतं आणि त्या वर्षांत ती रोज चालतच जात असे. तेव्हापासून कुलूप आहे. पोळीभाजी झाकून ठेवतो, पाण्याचा तांब्या भरतो, खिडकीशी खुर्ची ठेवतो. कुलूप लागल्याचा आवाज झाला की ती आतून बांगड्यांच्या हाताने दारावर दोनदा टकटक करते आणि मी किल्लीने कडीवर एकदा वाजवतो. त्याचा अर्थ 'येतो'. असं काही आमचं ठरलेलं नव्हतं, आपोआप पडत गेलेली सवय होती.

घर हैदराबादेत, सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. एका अंगाला गौसमियाँचं शिलाईचं दुकान, दुसऱ्या अंगाला खोक्यांचं गोदाम, मधे आमचं दार. दार दक्षिणेला उघडतं म्हणून लग्नानंतर नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. सुशीलाने तेव्हा हसून सांगितलं होतं की, मला रस्ता दिसल्याशी मतलब, दिशा तुमची तुम्हाला ठेवा.

माझे वडील निजामाच्या वेळी महसूल खात्यात होते. त्यांनी मला मांडीवर बसवून उर्दू शिकवली, तीही छापील नव्हे तर कारकुनी, मोडक्या टाकाची, नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गिळणारी. ती वाचणारी माणसं आता शहरात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, त्यामुळे मोजणी कचेरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाल्यावर मला तिथूनच पुन्हा बोलावणं आलं. शहरातल्या घराजागांची जुनी मोजणी-रजिस्टरं संगणकावर चढवायची होती. मी उर्दू वाचायची, मराठीत सांगायचं, आणि सुजाताने ते इंग्रजीत टाइप करायचं. सुजाता चाळिशीची, मूळची नांदेडकडची, माहेर-सासर दोन्ही हैदराबादेत, मराठी बोलायची फर्डी पण वाचायची वेळ आली की अक्षरांशी झटापट करायची. मी तिला चिडवायचो आणि ती मला 'काका, तुमचं बी टाइपिंग बघितलंय मी' म्हणून परतफेड करायची. खरं सांगायचं तर त्या धुळकट हॉलमध्ये, तोंडाला रुमाल बांधून, लाल कापडात बांधलेली रजिस्टरं उलगडताना मला जेवढं बरं वाटे तेवढं घरी वाटत नसे.

प्रत्येक घराची नोंद एकाच ठरावीक चालीची असते. क्रमांक, मालक, लांबी-रुंदी, आणि मग चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला काय, पश्चिमेला काय, उत्तरेला काय, दक्षिणेला काय. घर कसं आहे हे कुणी लिहीत नाही, त्याच्या चारी बाजूंना काय आहे तेवढं लिहितात, आणि त्यातल्या एका तरी बाजूला 'रस्ता' हा शब्द असतोच. तो नसला तर त्या घरात माणूस जाणार कसा? वडील म्हणायचे, बाकी काही चुको, रस्ता चुकवू नकोस.

तो मंगळवार होता आणि पाच वाजून गेले होते. दिवसाला साठ नोंदी झाल्याच पाहिजेत असा हुकूम होता आणि आमची एकोणसाठावी चालू होती. पान दोनशे बारा, ओळ सातवी, जामबागचं एक छोटं घर. मालकाच्या नावातलं फक्त शेवटचं 'बाई' शिल्लक होतं. पूर्वेला अंबाजी नावाच्या कुणाचं घर, पश्चिमेला शाळेची भिंत, उत्तरेला एका हकिमाचं घर. दक्षिणेच्या रकान्यात वाळवीने नखाएवढं भोक पाडलं होतं.

"रिकामा सोड तो रकाना," मी म्हणालो.

"खाली सोडलं तर पुढं जाईना गेलंय की काका. बघा, लाल दिसायलंय."

अशी नोंद संशयित म्हणून बाजूला काढायची, जागेवर जाऊन पाहणी करायची आणि मग भरायची, असा नियम आहे. मला तो पाठ आहे, दुसऱ्यांना मीच शिकवला आहे. पण पाहणीचा अर्ज म्हणजे तीन सह्या आणि एक आठवडा. मी म्हणालो, "वरचंच टाक. अंबाजीचं घर." सुजाताने पूर्वेचा मजकूर उचलून दक्षिणेला चिकटवला, लाल रेघ हिरवी झाली, मी ठशाच्या यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवला आणि नोंद मंजूर झाली. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी अशी लबाडी कधी केली नव्हती. साठावी नोंद करून आम्ही उठलो.

चौथ्या दिवशी कचेरीचा फोन वाजला. आमच्या हॉलमधला तो फोन क्वचितच वाजतो, आणि वाजला तर तेलुगूत नाहीतर उर्दूत. पलीकडे बाई होती आणि ती मराठी बोलत होती, सावकाश आणि स्वच्छ, फळ्यावर लिहिता लिहिता बोलावं तसं.

"माझी नोंद चुकली आहे. दक्षिणेला रस्ता होता."

"घर क्रमांक?"

"पान दोनशे बारा. ओळ सातवी."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. पानाचा क्रमांक हा आमच्या कचेरीच्या आतला कारभार असतो, तो संगणकावरसुद्धा दिसत नाही. पण सवय वाईट असते, तोंड आपोआप बोलत गेलं. हरकत तीस दिवसांत घेता येते, मालकाने स्वतः यावं लागतं, अंगठा आणि फोटो द्यावा लागतो, तीस दिवसांनंतर नोंद कायम होते.

"स्वतः कशी येऊ?" तिने विचारलं. तक्रार नव्हती, खरोखरच विचारत होती. मी पुन्हा तोच नियम सांगितला आणि फोन ठेवला.

त्या दिवशी घरी गेलो तेव्हा सुशीला खुर्चीत नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीशी उभी राहून ती भिंतीवरून हात फिरवत होती. काय करतेस म्हटलं तर म्हणाली, "मोजून गेले. बरोबर मोजलं का बघते." मी तिला जेवायला वाढलं. तिच्या अशा बोलण्याला उत्तर देऊ नये, डॉक्टरांनीच तसं सांगितलं आहे.

फोन दर तीन-चार दिवसांनी येत राहिला. वेळ दुपारी तीनची. मी सुजाताला उचलायला सांगितलं तेव्हा पलीकडून कुणी बोललं नाही. मी उचलला की तीच बाई, तेच वाक्य आणि माझंही तेच उत्तर. साहेबांकडे जाऊन चूक कबूल करावी, असं रोज सकाळी ठरवायचो आणि रोज संध्याकाळपर्यंत टाळायचो. वडिलांनी शिकवलेल्या उर्दूवर मला हे काम मिळालं होतं. खोट्या नोंदीवर अंगठा लावलेला माणूस म्हणून मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं, आणि घरी बसायची मला भीती वाटत होती. कुलपाच्या आतल्या बाजूला, तिच्यासोबत, दिवसभर. हे मी सुजातालाही कधी बोललो नाही.

बाविसाव्या दिवशी अर्धी रजा टाकून जामबागला गेलो. अंबाजीच्या घराच्या जागी आता तिमजली शिकवणी-वर्ग होता, पश्चिमेला शाळेची भिंत तशीच होती, उत्तरेला दवाखाना. मी त्या जागेला दोनदा प्रदक्षिणा घातली. दक्षिणेला शिकवणी-वर्गाचीच इमारत वळून आली होती, अखंड, बोट शिरेल एवढी फट नाही. बरोबर माझ्या नोंदीप्रमाणे. रखवालदाराला विचारलं तर म्हणाला, "बीच में कुछ नहीं साब, सब एकीच है." पाण्याची टाकी बघायची आहे अशी थाप मारून मी गच्चीवर गेलो आणि कठड्यावरून आत वाकलो.

मध्ये अंगण होतं. चार भिंतींच्या तळाशी एक लहानसं, शहाबादी फरशीचं अंगण, झाडून घेतलेलं. दार कुठेच नव्हतं. दोरीवर निळी साडी वाळत होती आणि तिच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. काठाला एके ठिकाणी हिरव्या दोऱ्याचं रफू होतं. निळा दोरा मिळाला नाही म्हणून हिरव्याने केलेलं, मोठ्या वेड्यावाकड्या टाक्यांचं. ते टाके मी ओळखले, कारण ते मीच घातले होते. सुशीलाला आता सुईत दोरा ओवता येत नाही.

मी घाबरलो. वयाला शोभणार नाही असा घराकडे सुटलो, जिना चुकत, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना अडखळत. गल्लीत शिरलो तर कुलूप जिथल्या तिथे. दार उघडलं. सुशीला खुर्चीत बसली होती, अंगावर तपकिरी साडी. मी कपाट उघडलं. निळी साडी नेहमीच्या घडीत नेहमीच्या जागी होती. मी हात लावला. ती ओली होती.

"वाळली नाही अजून," सुशीला मागून म्हणाली.

त्यानंतरचे आठ दिवस मी तिला कुलूप लावायला नको होतं. हे मला त्या आठही दिवशी कळत होतं. एका सकाळी मी कुलूप हातात धरून बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभा राहिलो, पण कोठीचा तो थांबा आणि तिचे अनवाणी पाय आठवले आणि शिवाय साडेनऊ झाले होते. आतून टकटक झाली, मी कडीवर किल्ली वाजवली आणि निघालो.

तिसाव्या दिवशी दुपारी तीनला फोन आला.

"आज शेवटचा दिवस ना?" बाई म्हणाली.

"हो."

"बरं." मग म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

हा प्रश्न मला या जगात एकाच माणसाने विचारलेला आहे, आणि त्यालाही आता दोन वर्षं झाली होती. मी रिसीव्हर टेबलावरच ठेवला आणि सुजाताला सगळं सांगितलं. भोक, अंगठा, सगळं. साडीचं सांगितलं नाही. तिने नोंद उघडली, तासभर खालवर केली.

"मालकीण आल्याबिगर खुलंना गेलंय काका. पाच वाजता हरकत घेणं बंद होतंय. नाव तर 'बाई' एवढंच आहे की. कोणी बी बाईमाणूस आणा, अंगठा लावू, दक्षिणेला रस्ता टाकू. काकूंना घेऊन या ना. मी थांबते."

मला ते इतकं सरळ वाटलं की रडू आलं. सुशीलाच्या हाताला धरून आणायचं, खुर्चीत बसवायचं, तिचा अंगठा काचेवर ठेवायचा. आणि मग उद्यापासून कुलूप नाही. मी घरी बसेन, तिच्याबरोबर बसेन, कंटाळा आला तरी बसेन. हे मी चालता चालता मोठ्याने म्हणत होतो, पुस्तकांच्या दुकानांवरून, बांगडीवाल्यांवरून, माणसांना धक्के देत. कचेरीपासून घर बारा मिनिटांच्या वाटेवर आहे. किल्ली मी कधीच हातात काढून घेतली होती.

गल्लीत ऊन तिरपं आलं होतं. गौसमियाँचं दुकान आलं, त्याच्या शिलाईयंत्राचा आवाज आला. त्यापुढे, आमच्या दाराच्या जागी, भिंत होती आणि भिंतीपुढे खोक्यांचं गोदाम. मी पुढे गेलो, परत आलो. भिंत नवी नव्हती. रंगाचे पोपडे निघालेले, कडेला जुन्या जाहिरातीचा फाटका कागद, वरून पन्हाळीच्या पाण्याचे काळे ओघळ, जे पडायला वीस-पंचवीस पावसाळे लागतात. दुकानाची भिंत गोदामाच्या भिंतीला सरळ मिळाली होती.

गौसमियाँ गळ्यात टेप घालून बाहेर आला. तीस वर्षांचा शेजार. त्याने मला ओळखलं, हात कपाळाला लावला.

"क्या ढूँढ रैं, एकनाथराव?"

"घर," मी म्हणालो.

"किसका?" त्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर मस्करीचा मागमूसही नव्हता. मग कुणी गिऱ्हाईक आलं तसा तो आत गेला आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

मी भिंतीला कान लावला. भिंत उन्हाने तापली होती. बराच वेळ यंत्राशिवाय काही ऐकू आलं नाही. मग आतून, माझ्या कानाच्या उंचीवर, बांगड्यांच्या हाताने दोनदा टकटक झाली आणि ती थांबली, रोज सकाळी थांबते तशी, उत्तराची वाट बघत.

पाचाला दहा मिनिटं होती. मी किल्ली उचलली आणि भिंतीवर एकदा वाजवली.