ताईचं घर आणि दुसऱ्यांचा एजंट

घरं दाखवून दाखवून मी आता जिन्यांनाच कंटाळलोय. लोकांना वाटतं, एजंट म्हणजे दोन्ही डगरींवर पाय ठेवून मजेत उभा असलेला माणूस. कसली मजा! घेणाऱ्याने मला नेमलं की मी त्याचा. विकणाऱ्याबद्दल जे कानावर येईल, ते त्याला सांगायला मी बांधलेला असतो.

भाऊजी गेल्यावर ताईने घर विकायला काढलं. त्या पैशांत तिला लेकीच्या शेजारी एक लहानसं घर घ्यायचं होतं. माझ्याकडे तेव्हा एक नर्स आणि तिचा नवरा होते, घरं बघून बघून मेटाकुटीला आलेले. त्यांना हवं होतं तसंच हे घर होतं. मी ताईला फोनवर म्हटलं, "तू तुझा वेगळा एजंट नेम."

"घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? काहीतरीच तुझं!"

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. घर दाखवायला गेलो तेव्हा मात्र दारातच, त्या दोघांसमोर, नेहमीच्या पद्धतीने स्पष्ट सांगितलं. "ताई, मी यांच्या बाजूने आलोय. मला काही सांगशील तर ते यांना कळेल."

"बरं बरं," ताई हसून म्हणाली.

ती दोघं आतल्या खोलीत पलंग कुठे बसेल ते बघत होती. तेवढ्यात ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"थोडं कमी आलं तरी चालेल रे, पण लवकर सोडव मला इथून. यांची रिकामी खुर्ची बघवत नाही."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

जिना उतरताना नर्सने विचारलं, "त्यांना घाई आहे का हो?"

ड्यूटी करून थेट आली होती बिचारी. डोळे तारवटलेले.

"आहे," मी म्हणालो. बहिणीच्या घराचा भाव मी एका शब्दात पाडला आणि मला स्वतःचीच शिसारी आली.

त्यांनी बराच कमी भाव सांगितला. ताईने दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाली. लेकीशेजारचं घर त्यात बसत नव्हतं.

व्यवहार झाल्यावर तिने मला चहा दिला. "मला घाई आहे हे त्यांना कसं कळलं?"

"मी सांगितलं."

तिने हातातला कप खाली ठेवला.

"मी दारातच बजावलं होतं, ताई."

"हो ना. मला वाटलं, ते त्यांना ऐकवायला म्हणतोयस."

मी मान खाली घातली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त कप उचलले.

"आता भाड्याची खोली शोधायला हवी," ती म्हणाली. "तुझ्या ओळखीत कोणी एजंट आहे का? चांगला. परका."