गाडी किती वर्षं ठेवणार?

माझ्या दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न एकच विचारतो. "गाडी किती वर्षं ठेवनार?" नाव नंतर, गाव नंतर. सात रस्त्याजवळ टायरचं दुकान टाकून मला एकतीस वर्षं झाली, आणि या प्रश्नाने मला कधी दगा दिला नाही. सहा महिन्यांत गाडी विकणारा असेल तर त्याला बाहेरची, म्हणजे गाडीच्या कंपनीची नसलेली रिम पुरते, दिसायला झकास आणि खिशाला हलकी. गाडी जिवापाड सांभाळणारा असेल तर कंपनीचीच घ्यावी. काही जण चिडतात, "तुमाला कशाला पायजे?" म्हणतात. मी म्हणतो, मग दुसरं दुकान बघा. शिवलीला, म्हणजे आमची मंडळी, म्हणते की या तोंडामुळेच आपण एका गाळ्याचे दोन गाळे केले नाहीत.

आमचा एकुलता एक शिवानंद. शिवू चार वर्षांपासून नॉर्वेत आहे. लहानपणी तो शाळेतून थेट दुकानात यायचा आणि टायरांच्या ढिगावर बसून अभ्यास करायचा. माझा प्रश्न त्याने हजार वेळा तरी ऐकला असेल. ऐकला, एवढंच. माझं सांगणं मात्र त्याने जन्मात मानलं नाही. कॉमर्स घे म्हणालो, तर इंजिनिअरिंगला गेला. पुण्यात नोकरी कर म्हणालो, तर नॉर्वेला गेला. "दोन वर्षांत येतो अप्पा," म्हणाला होता, त्याची चार झाली.

पण या जूनमध्ये त्याचा फोन आला. "यंदा संक्रांतीला कायमचाच येतो." शिवलीलाने त्याच आठवड्यात माडीवरची खोली रंगवून घेतली आणि त्याच्यासाठी नवी बाराबंदी शिवायला टाकली. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालताना आमच्याकडचे बाप्ये घालतात तो पांढराशुभ्र, बंदांचा अंगरखा. माप द्यायला पोरगा कुठे होता? तिने मलाच शिंप्यापुढे उभं केलं आणि म्हणाली, "ह्यांच्यापरीस दोन बोटं जास्त धरा."

ऑगस्टमध्ये शिवूने तिकडे एक वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. येणारच आहे तर गाडी कशाला, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण तिकडे बसची वाट बघत थंडीत कुडकुडत उभं राहावं लागत असेल, जाताना विकून टाकेल, असं मीच माझ्या मनाला समजावलं.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी तो फोनवर म्हणाला, "अप्पा, एक विचारायचं हाय. हे तुमीच सांगू शकता."

मी कान टवकारले. चार वर्षांत 'तुमीच सांगू शकता' हे शब्द पहिल्यांदा ऐकत होतो.

गोष्ट अशी होती. तिकडे बर्फ पडायच्या आत गाडीची चारही चाकं बदलतात. हिवाळ्याचा सेट वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा, आणि जो सेट वापरात नसेल तो दुकानदार आपल्याकडे सांभाळून ठेवतो. त्याला तिकडे टायरांचं हॉटेलच म्हणतात. मी पोट धरून हसलो. "अरं, आमच्या पावन्यांना सनाला झोपायला जागा पुरंना, आनि तुमच्या टायरांला हाटेल!" शिवूही हसला. त्याने दोन फोटो पाठवले. एक गाडीच्या कंपनीचा हिवाळी सेट, दुसरा बाहेरचा. कोणता घ्यावा?

पुढचा आठवडाभर मी दुकानात असून नसल्यासारखा होतो. होटगी रोडला चन्नवीर इलेक्ट्रिक गाड्यांचं काम करतो. त्याच्याकडे जाऊन मी तिथली एक गाडी लिफ्टवर चढवायला लावली, चाकं उतरवून हाताने तोलली, बॅटरीचं वजन विचारून घेतलं. टायरवर किती भार झेपतो त्याचा आकडा असतो, तो जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवला. फोनवर नॉर्वेतल्या लोकांचे व्हिडिओ बघितले. भाषा कळत नव्हती, पण चाक कळत होतं.

चन्नवीर माझी लगबग बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, शिवू जानेवारीत येतोय न्हवं? मग दोन म्हैन्यांसाठी नवा सेट कशाला?"

"बर्फावर तुजा पोरगा चालवतोय का?" मी खेकसलो. "घसरला म्हंजे?"

त्याने विषय सोडून पाना उचलला. मीही त्यावर पुढे विचार केला नाही. खरं सांगायचं तर करायचाच नव्हता. पोराने मला विचारलं होतं, त्याच आनंदात मला राहायचं होतं.

रविवारी शिवूचा फोन आला तेव्हा शिवलीलाने आधी बाराबंदी फोनपुढे उलगडून धरली. "बग की, कालच आली शिवून."

"लई छान हाय अव्वा," शिवू म्हणाला, आणि दुसरीकडेच बघायला लागला.

मी पुठ्ठा घेऊन पुढे सरकलो. "हे बग. बाहेरच्याचं मदलं भोक मोठं असतंय, त्यात रिंग बसवावी लागती. हवेचा सेन्सर निराळा जोडून घ्यावा लागंल. पन रबर जाड हाय, खड्ड्यात बरं. कंपनीचा सेट तुज्या गाडीच्या वजनाला मापून केलेला हाय. आनि तुमी रस्त्यावर मीठ टाकता न्हवं बर्फ वितळाया? ते मीठ बाहेरच्या रिमचा रंग तीन-चार हिवाळ्यांत खाऊन टाकतंय. कंपनीची टिकंल. आता मला एवडंच सांग..."

आणि एकतीस वर्षांची सवय तोंडातून निघून गेली.

"गाडी किती वर्षं ठेवनार?"

फोनवरचा शिवूचा चेहरा थिजला. मला वाटलं फोन अडकला. पण त्याच्यामागचा पडदा हलत होता.

"आट-दहा वर्षं तरी, अप्पा," तो म्हणाला.

शिवलीलाच्या हातात बाराबंदी तशीच होती. तिचं माहेर अक्कलकोटकडचं. जीव घाबरला की तिच्या तोंडी कानडी येते. "शिवू, यावाग बर्ती?" तिने विचारलं. कधी येणार?

"येतो की अव्वा. संक्रांतीला दहा दिवस येतो." मग त्याला रडू फुटलं. "जूनमदी खरंच यायचं ठरवलं होतं. मग हितलं काम कायमचं झालं. तुमाला सांगायचा धीरच हुईना."

तेव्हा मला सगळं उमगलं. चाकांचं त्याला काय अडलं होतं? तिकडे दुकानं होती, माणसं होती. पण टायरांच्या ढिगावर बसून वाढलेलं पोरगं ते. बाप पहिला प्रश्न कोणता विचारणार हे त्याला पाठ होतं. स्वतःहून सांगवत नव्हतं म्हणून त्याने मला विचारायला लावलं. मी आठवडाभर मिरवत होतो की पोरगं माझा सल्ला मागतंय.

मला राग आला, फार आला. बाहेरचीच घे, तीन हिवाळ्यांत सडू दे, मग ये घरी, असं जिभेवर आलं होतं. तो रडत होता, शिवलीला माझ्याकडे बघत होती, आणि मी जे सांगेन तेच तो करणार असं मला का कोण जाणे वाटत होतं. पण चुकीचं चाक मी परक्यालाही कधी दिलं नाही.

"कंपनीची घे," मी म्हणालो. "धा वर्षं बगायला नको."

फोन ठेवल्यावर शिवलीलाने बाराबंदीची घडी घातली. एकदा घातली, मोडली, परत घातली. "ती चाकं बर्फात धरतील न्हवं त्याला?" तिने विचारलं.

"व्हय," मी म्हणालो, आणि लहान पोरासारखा रडलो. तिने मला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मोडनिंबचा एक जण जुनी गाडी घेऊन आला. मी त्याला काही विचारलं नाही. त्याने बोट दाखवलं तीच रिम बसवून दिली.

नोव्हेंबरमध्ये शिवूचा फोटो आला. सगळीकडे बर्फ होतं आणि मध्ये त्याची गाडी उभी होती. आमच्या दुकानात नवी चाकं बसवली की गाडी हलवण्याआधी ठेवतो तशी चारही चाकांखाली चार लिंबं ठेवली होती. शिवलीला लिंबं बघून हसली आणि डोळे पुसत आत गेली. मी फोटो मोठा करून एकेक चाक तपासलं. रिमच्या मध्यावर कंपनीचा शिक्का होता.

जन्मात पहिल्यांदा पोराने माझं ऐकलं होतं.