दोऱ्याचे साडेनऊ तास

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. विमानाची तिकिटं विकणाऱ्या दुकानात माझा जन्म गेला. माणसांना अक्कल नसते, हे मी टेबलावर बसल्या बसल्या शिकलो.

एका कारखान्यात पोकळ गोळ्यावर कागदाच्या बारा पट्ट्या चिकटवून मला घडवलं. मालकांनी मला हौसेने आणलं. त्यांच्याकडे एक लाल दोरा होता, हजार किलोमीटरला एक गाठ मारलेला. गिऱ्हाइकाने दोन शहरं सांगितली की ते माझ्या पाठीवर दोरा ताणून गाठी मोजत. समोरच्या भिंतीवर नकाशा होता, पसरट आणि मठ्ठ. त्यावर पट्टी ठेवून अंतर काढणाऱ्या शहाण्यांची मला कीव येई. पृथ्वी काय पोळपाट आहे?

गाठींवरून तासांचा हिशेब केल्यावर मालक नेहमी म्हणत, "हा झाला विमानाचा वेळ. माणसाला याच्या दुप्पट धरा. मध्ये उतरायचं, रांगेत उभं राहायचं, दुसरं विमान गाठायचं." हे ऐकून गिऱ्हाइकांचं तोंड वाकडं होई. माझंही. माझ्या चोख मापात हे रांगांचं रडगाणं कशाला?

मालक थकले आणि जावईबापू खुर्चीत बसले. उथळ पाण्याला खळखळाट फार! मला पुसायचं सोडून त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी अडकवली. दोरा तेवढा ठेवला. गिऱ्हाइकावर छाप पडते ना!

एका दुपारी एक शिंपीणबाई धावत आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच होती. दूरच्या शहरात, भावाकडे राहणाऱ्या त्यांच्या वडिलांचं दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ऑपरेशन होतं. "आज रात्री निघाले तर अकराच्या आत पोचेन का हो?"

ती दोन्ही शहरं माझ्यावर एकाखाली एक आहेत, त्यामुळे घड्याळंही सारखीच. जावईबापूंनी दोरा ताणला. "आठ गाठी. साडेनऊ तास. आरामात पोचाल!"

बाईंनी तिथूनच फोन लावला. "बाबा, मी सकाळी येतेय. मला भेटल्याशिवाय आत जाऊ नका हं."

तिकिटावर दोन थांबे आणि पोचायची वेळ छापलेली होती. पण अशा घाईत तिकीट कोण वाचतं? जावईबापूंनी वाचायला हवं होतं. ते चहा पीत होते.

महिन्याने बाई परत आल्या. प्रवासाला एकवीस तास लागले होते. पहिल्या थांब्यावर त्यांनी फोन करून वडिलांना आत जायला सांगितलं. पण म्हातारा हट्टाला पेटला. "पोर निघालीय, येईलच." अकरा वाजले, नंबर दुसऱ्या पेशंटला गेला. पुढचा नंबर चार दिवसांनी होता. वडील तिसऱ्या दिवशी गेले.

"अहो, पण उड्डाण साडेनऊ तासांचंच आहे!" जावईबापू म्हणाले. कोडगेपणाची कमाल!

बाई शांतपणे म्हणाल्या, "असेल. मी विमानाचं नव्हतं विचारलं. मी कधी पोचेन, ते विचारलं होतं."

मित्रांनो, आयुष्यभर मी सगळ्यांना नावं ठेवली. त्या दिवशी मला माझ्या चोख मापाची लाज वाटली. मला पुसू नका, हवं तर अडगळीत टाका. पण वाटेकडे डोळे लावून कुणी बसलं असेल, तर त्याला दोऱ्याचे तास सांगू नका.