थांबणारा हात

सकाळपासून मी तीनदा बाथरूमला जाऊन आले होते. कॉलेजच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीत माझ्याइतकंच घाबरलेलं कुणीतरी बसलं होतं. फरक इतकाच की त्यांना ते लपवता येत होतं. शेजारची उंच मुलगी ओठ फुरफुरवत गळा तापवत होती. पलीकडे एक जण भिंतीकडे तोंड करून संवाद म्हणत होता, इतक्या तळमळीने की भिंतीलाही गहिवरून यावं. वरच्या मजल्यावर नाचाची परीक्षा चालली होती आणि डोक्यावर सारखी धपधप होत होती. संगीत नाटकाच्या पदवीला जागा मोजक्या आणि आम्ही पोरं ही एवढी. मला एकेकाचा राग येत होता.

"पाणी पी," मामा म्हणाला.

"प्यायले की परत जावं लागेल."

"मग नुसतं तोंडात धर."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दाताच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतो. दिवसभर मास्क लावून लोकांचे खोटे दात घासायचे आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन कीबोर्ड उघडायचा, हा त्याचा मी लहान असल्यापासूनचा नेम. मला 'भोंगा' हे नावही त्यानेच ठेवलं, कारण मी रडायला लागले की खालच्या मजल्यावरचे लोक चौकशीला वर यायचे. पुढे भोंगा गायला लागला आणि मामा साथीला बसला. शाळेतल्या स्पर्धा, गॅदरिंग, या कॉलेजला पाठवलेला व्हिडिओ, सगळीकडे साथीला तोच. दुसऱ्या कुणाबरोबर मी कधी गायलेच नव्हते आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

आज मात्र पियानोवर कॉलेजचा माणूस होता आणि बरोबर आलेल्यांनी दाराबाहेर बसायचं होतं.

दाराआडून एका मुलाचं गाणं ऐकू येत होतं. छान गात होता. मध्येच त्याचा आवाज बंद झाला. पियानो मात्र थांबला नाही, एकटाच पुढे वाजत राहिला आणि मग तोही बंद पडला.   मामाने माझा हात धरला, पण त्याचाच हात इतका गार होता की मी सोडवून घेतला.

"तुला नाही असं होणार," तो म्हणाला.

"तू घाबरलायस."

"मी कशाला घाबरू? मला कुठे गायचंय?" असं म्हणून त्याने माझ्या बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

दारावरच्या माणसाने माझं नाव पुकारलं.

आत तिघं बसले होते. दोघांचे चेहरे मला आज आठवत नाहीत. मधल्या बाई आठवतात, बारीक कापलेले पिकले केस आणि गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. पियानोवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "लय काय घेऊ?" मी मांडीवर ठोके देऊन दाखवले. त्याने मान हलवली.

माझं गाणं एका मोलकरणीचं होतं. मालकिणीवर चिडून ती भांडी घासते आणि घासता घासता तिची सगळी भडास बाहेर पडते. रागाचं गाणं मला जमतं, राग मला मुद्दाम आणावा लागत नाही. सुरुवात अशी झाली की बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. माझी भीती थोडी सैल पडली. मग ती लांब ओळ आली. अर्ध्या भांड्यांची नावं एका दमात घ्यायची, मग एक ठोका मोकळा, तेवढ्यात श्वास घ्यायचा आणि लगेच उरलेल्या भांड्यांची ओळ.

मी श्वास घेतला आणि तोंड उघडलं, तर पियानो पुढे निघून गेला होता. मी त्याच्यामागे धावले. मी ताटावर होते तेव्हा तो कढईवर पोचलेला. जितकी घाई करावी तितके शब्द जिभेला अडकायला लागले आणि शेवटी मी गप्प उभी राहिले.

"पुन्हा घे," बाई म्हणाल्या.

पुन्हा घेतलं. पुन्हा त्याच जागी मी मागे पडले.  वर नाचणाऱ्यांची धपधप चालूच होती, आणि ती सगळी पोरं एका ठोक्यावर पडत होती.

"घरी साथीला कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"मामा."

"ते थांबतात तुझ्यासाठी. तू श्वास घेईपर्यंत."

"नाही हो. तो थांबत वगैरे नाही."

"थांबतात. एका ठोक्याचे तीन करत असतील. तुला कळलंही नसेल." त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. "प्रयोगात रंगमंचाखाली वाद्यांचा ताफा असतो, मागे वीस जण नाचत असतात. तुझ्यासाठी कोण थांबणार? आवाज आहे तुझ्याकडे, म्हणून सांगते. जेवणाच्या सुट्टीनंतर परत ये. हेच गाणं. तेव्हा जमलं नाही तर मात्र माझ्या हातात काही नाही."

बाहेर आले तेव्हा मामा दाराला जवळजवळ चिकटून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो काही बोलायच्या आत मी त्याचं मनगट धरून त्याला जिन्यापाशी नेलं. तिथे मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता आणि एक जुनं लाकडी टेबल.

"तू थांबतोस माझ्यासाठी."

"कुठे थांबतो? काहीतरीच काय."

"ठोके दे. मी गाते."

त्याने टेबलावर बोटांनी ठोके धरले. मी हळू आवाजात गायले. लांब ओळ संपली, मी श्वास घेतला आणि त्याची बोटं हवेत थांबली. माझा शब्द आला तेव्हा ती पुन्हा खाली आली. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि तो स्वतःच्या हाताकडे.

"थांबलो का मी?"

"थांबलास."

"पुन्हा गा. या वेळी नाही थांबत."

तो पाठ फिरवून उभा राहिला, म्हणजे मी दिसायला नको. तरी बोटं थांबली. मग त्याने डावा हात वापरून बघितला. मग तोंडाने एक-दोन-तीन-चार म्हणत ठोके दिले, तर आकडेही थांबले. एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी हसू आलं नाही, कारण सुट्टी संपत आली होती आणि माझ्या मामाला, ज्याच्या भरवशावर मी इथवर आले होते, माझ्या पुढे एक ठोकाही टाकता येत नव्हता.

"मला तुझा श्वास ऐकू येतो गं," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "मग हात आपोआप... लहान होतीस तेव्हा दम पुरायचा नाही तुला. तेव्हापासून सवय लागली असेल."

"आता काय करू मी?" मी त्याच्यावर खेकसले. "काय करू, सांग ना."

त्याने माझा हात धरून टेबलावर ठेवला. म्हणाला, "मी गातो. तू ठोके दे."

मामाचा आवाज म्हणजे बादलीत पडलेला गडू. त्यात वर्षानुवर्षं कवळ्यांची पूड नाकातोंडात जाऊन त्याचा दम कधीच गेलाय, जिना चढला तरी धापा टाकतो. तो मोलकरणीचं गाणं गायला लागला. येणारे-जाणारे बघत होते, त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. मी ठोके देत होते. लांब ओळ आली. ती अर्धी होते न होते तोच त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लाल झाला. ओळ कशीबशी संपली आणि त्याने आ वासून श्वास घेतला.

माझा हात थांबायला गेला. खरंच सांगते, नुसता गेला नाही, त्याने ओढ घेतली. समोर आपलं माणूस धापा टाकतंय आणि आपण पुढे जायचं, हे काय साधं आहे? पण मी ठोका टाकला. पुढचाही टाकला. मामाने माझ्याकडे बघितलं आणि त्या नजरेत एक क्षणभर भीती होती, गर्दीत हात सुटलेल्या माणसाची असते तशी. मी तरी ठोके देत राहिले. मग त्याने काय करावं? राहून गेलेले शब्द त्याने सोडून दिले. पातेलं सोडलं, तवा सोडला आणि मी जिथे पोचले होते त्या शब्दावर सरळ येऊन मिळाला. तिथून शेवटपर्यंत आम्ही बरोबर होतो.

"असं," तो खोकत खोकत म्हणाला. "मागे धावायचं नाही. राहिलं ते राहिलं."

दारावरच्या माणसाने पुन्हा माझं नाव घेतलं.

दुसऱ्यांदा आत जाताना मी पहिल्यापेक्षा जास्त घाबरले होते. पहिल्यांदा काय होऊ शकतं ते मला माहीत नव्हतं, आता नेमकी जागा माहीत होती. गाण्याची पहिली कडवी मी गायले की नाही हेसुद्धा मला आठवत नाही, मी फक्त ती ओळ जवळ येताना बघत होते. ओळ आली, संपली. मी अर्धाच श्वास घेतला. तरी उशीर झाला. पियानो पुढे गेला आणि क्षणभर मला कुठेच काही दिसेना. पहिले दोन शब्द गेले. मी ते जाऊ दिले आणि तिसऱ्यावर उडी मारली. आवाज फाटला, पण ठोक्यावर पडला. पुढे मोलकरणीने ती भांडी अशी काही आपटली की पियानोवरच्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली.

बाई एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे, बाहेर बस."

संध्याकाळी दारावरच्या माणसाने प्रवेश मिळालेल्यांची नावं वाचली. शेजारच्या उंच मुलीचं आलं. भिंतीशी बोलणाऱ्याचं आलं नाही, तो मुकाट्याने बॅग उचलून निघून गेला. माझं नाव आलं तेव्हा मला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं. मामाने ते ऐकलं आणि तो खाली बसला. खुर्चीवर नाही, फरशीवरच.

जिना उतरताना माझी बडबड सुरू झाली. आईला फोन करू, घरी गेल्या गेल्या कीबोर्ड काढू, सगळी जुनी गाणी घेऊ, खालचे लोक आले तर येऊ देत.

"नको," मामा म्हणाला.

"का? दमलास?"

"दमलो नाही. तू इथे हॉस्टेलला राहायला येईपर्यंत आता माझ्याबरोबर गाऊ नकोस." तो कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. "हात ऐकत नाही माझा. आज बघितलंस ना? जे जमलंय ते माझ्यापायी जाईल."

मी थट्टेवारी नेलं. हात बांधून ठेवू म्हटलं. तो हसला नाही. त्याने ठरवून टाकलं होतं, आणि एकदा ठरवलं की तो बदलत नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

"मग संध्याकाळी काय करणार तू?" मी विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

सकाळपासून मी घाबरत होते ती मला घेणार नाहीत म्हणून. आता घेतलं होतं, आणि भीती काही केल्या उतरत नव्हती. मी रस्त्यावर आले आणि भराभर चालायला लागले. मामा मागे राहिला होता, त्याचा धापा टाकण्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. मी थांबले. तो हाताने खूण करत म्हणाला, "चल तू. मी येतो."

मी चालू लागले.