पटावर नसलेलं नाव

उदयसिंह घोरपड्यांच्या, म्हणजे आबांच्या, मनात पाल चुकचुकली ती एका पुडक्यावरून. मुलगी राजलक्ष्मी ऑफिसला गेलेली, कुरिअरवाल्यानं पुडकं आणून दिलं आणि आबांनी ते सरळ फोडलं. दुसऱ्याच्या नावाचं टपाल फोडू नये हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण एकतीस वर्षं आश्रमशाळेचा अधीक्षक म्हणून काढलेल्या माणसाचे हात काही निवृत्त होत नाहीत. पोरांना क्वचित एखादं पत्र आलं, तर तेही आधी त्यांच्या टेबलावरून जायचं.

पुडक्यात तीन इंग्रजी पुस्तकं निघाली. कॅनडातल्या आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवत, त्या शाळांतून जिवंत बाहेर पडलेल्यांनी म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी. एका मुखपृष्ठावर केस भादरलेल्या मुलांची रांग होती. आबांनी ती रांग बराच वेळ न्याहाळली आणि पुडकं पुन्हा चिकटवून ठेवलं. चिकटपट्टी इतकी वाकडी लागली की शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

संध्याकाळी राजलक्ष्मी आली, तिनं पुडकं उचललं, वाकडी पट्टी पाहिली आणि एक अक्षर बोलली नाही. झालं! भांडली असती तर आबांना बरं वाटलं असतं. गप्प राहणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी शिजत असतं, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

बायको शालनताई गेल्यापासून नेरूळच्या त्या फ्लॅटमध्ये बापलेक दोघंच. राजलक्ष्मी एकोणचाळीस वर्षांची, ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत. आबांच्या गोळ्या, पायांची नखं, डोळ्यांचे थेंब, सगळं तीच बघायची. आणि घरी कुणीही आलं की एक वाक्य ठरलेलं: "आमच्या आबांनी उभं आयुष्य डोंगरात काढलं, कातकऱ्यांची पोरं शिकवली." त्या वाक्यावर आबा जगत होते. पेन्शन, ब्लडप्रेशर, सोसायटीतला ज्येष्ठ नागरिक संघ, हे सगळं त्या वाक्यानंतर. ते वाक्य तिनं म्हणायचं थांबवलं असतं, तर त्यांना आपलं म्हणून सांगायला काही उरलं नसतं.

म्हणून ती ऑफिसला गेली की आबा तिच्या खोलीत शिरायचे. पुस्तक जसं ठेवलंय तसंच उचलायचं, डिक्शनरी मांडीवर, आणि एकेक पान. पहिल्या आठवड्यात त्यांना आनंदच झाला. कसली माणसं ही! पोरांना गाडीत कोंबून नेतात, देव बदलायला लावतात. आमचं तसं नव्हतं. त्यांनी औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेल्या डायरीत "आमच्यातला आणि त्यांच्यातला फरक" असं ठळक अक्षरात लिहिलं आणि खाली आकडे टाकून ठेवले.

फरक काही भराभर सापडेनात. गाडीत कोंबून नेत, हे लिहिता लिहिता त्यांना जूनमधली जीप आठवली. शाळा सुरू व्हायच्या आधी ते स्वतः वाडीवाडीवर जायचे, पोरं झाडावर लपून बसायची, शिपाई त्यांना खाली उतरवायचा. पण ते शिक्षणासाठी होतं! तिथं केस कापत. इथंही कापत, पण उवांसाठी. तिथं कपड्यांवर नंबर, इथं ताटावर. तिथं आपली बोली बोलली तर मार. इथं मार नव्हता, फक्त एक वेळचं जेवण उशिरा. डायरीत खाडाखोड वाढत चालली. आबांना त्या पुस्तकवाल्यांचा राग यायला लागला. इतक्या वर्षांनी बारीकसारीक उकरून काढायचं म्हणजे काय?

आणि नावं. तिथं पोरांची नावं बदलत. आबांनी इथं पुस्तक मिटलं, कारण हा त्यांचा अभिमानाचा विषय. डोंगरातली पोरं दाखल व्हायची ती बुध्या, सोम्या, मंगळ्या अशी. ज्या वारी जन्म, ते नाव. मुख्याध्यापक पट लिहायचं काम अधीक्षकांवर सोपवायचे. जन्मतारीख कुणालाच माहीत नसायची, तेव्हा सगळ्यांची एक जून. आणि नावं? आबांनी कातकऱ्यांच्या पोरांना साताऱ्याकडची खानदानी नावं दिली. विश्वजित, राजवर्धन, यशराज. घोरपड्यांच्या घरात शोभतील अशी! "पुढं साहेब झाला तर बुध्यासाहेब म्हणतील का लोक?" असं ते शिपायाला विचारायचे आणि स्वतःच हसायचे. जुनं नाव शाळेच्या आवारात उच्चारायचं नाही, हा नियम. त्यांची स्वतःची लेकही त्या नियमातून सुटली नव्हती. सात वर्षांची राजी क्वार्टरमधून उठून पोरांत खेळायला जायची, तिच्याकडूनही त्यांनी तो पाठ करून घेतला होता.

दुसऱ्या पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा सुरू झाल्या. राजलक्ष्मीच्या. आबा आता मजकूर कमी आणि खुणा जास्त वाचू लागले. एका पानावर आई शाळेच्या फाटकाशी येते, मुलाचं नाव घेते, आणि त्या नावाचं इथं कुणी नाही म्हणून तिला परत पाठवतात. त्या परिच्छेदाला दोन्ही बाजूंनी रेघ होती. खाली बारीक अक्षरात मराठीत लिहिलं होतं: "आबांना विचारायचं."

आबांनी ती ओळ पुन्हा वाचली. हे हिला कुणी सांगितलं?

प्रकरण होतंच तसं. दिवाळीच्या आधी कातकरी वीटभट्ट्यांवर निघत आणि पोरांना बरोबर नेत, की शाळेचा पट रिकामा. हे घडलं ते तपासणीच्या आदल्या दिवशी, आणि तपासणीला पट भरलेला दिसायला हवा होता. एक बाई फाटकाशी आली, बुध्या कुठं म्हणाली, आणि तसं कुणी नाही असं ऐकून निघून गेली. बुध्या म्हणजे पटावरचा विश्वजित, दुसरीतला. आई येऊन गेल्याचं त्याला कळलं तेव्हा ती भट्टीच्या ट्रकमध्ये बसून गेलीही होती. चौथ्या दिवशी पोरगं तिच्या मागं पळालं. दोन दिवस ओढ्याकाठी शोधलं, सापडलं नाही. आबांनी पटावर लिहिलं, "पालकांसोबत स्थलांतरित". पुढच्या जूनला ती बाई आली नाही. आली असती तर काय सांगायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

त्या दिवशी अधीक्षक साहेब तालुक्याला मीटिंगला गेले होते, असं सगळ्यांना माहीत होतं. शालनताईंनाही. खरं म्हणजे ते कुठंही गेले नव्हते. बाई आली तेव्हा ते ऑफिसच्या खिडकीमागं बसून तपासणीचे तक्ते भरत होते आणि शब्द न् शब्द ऐकत होते.

आता आबांचा दिवस पहाऱ्यात जाऊ लागला. राजलक्ष्मी फोन घेऊन बाल्कनीत गेली, की हे कुंडीला पाणी घालायला हजर. कानावर तुकडे पडायचे: "नाही गं, अजून नाही विचारलं... हो, समोरासमोरच... त्यांना काय वाटेल याचं टेन्शन आहे." पलीकडे असायची संघप्रिया, तिच्या ऑफिसातली मैत्रीण; दोघींचा एक वाचनगट होता, ही पुस्तकं तिथलीच. ही संघप्रिया सुट्टीच्या दिवशी वस्त्यांत जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करते, हे आबांना आधीच कळलं होतं. दोन अधिक दोन करायला काही गणिताची पदवी लागत नाही. पोटची पोर साक्षीपुरावा गोळा करतेय!

शनिवारी दुपारी संघप्रिया जेवायलाच आली. जेवण झालं, तिनं फोन टेबलावर ठेवला. आबांनी सहज वाचल्यासारखं करत त्यावर पेपर पसरला, वर चष्म्याचं घर ठेवलं, वर पाण्याचा तांब्या.

"काका, माझा फोन आहे त्याखाली," संघप्रिया म्हणाली.

"असू दे की. कुठं पळून चाललाय?"

"कॅब बोलवायची होती."

"थांबा की वाईच. काय विचारायचं ते विचारा. आमच्या शाळेत कुठल्या पोराला उपाशी ठेवलं नाही. गणपती बसायचा. गॅदरिंग व्हायचं. आमची तीन पोरं पोलिसांत आहेत."

"मी कुठं काय विचारलं, काका?" ती गोंधळून राजलक्ष्मीकडं बघायला लागली. राजलक्ष्मीनं तांब्या उचलला, पेपर उचलला, फोन काढून दिला आणि मैत्रिणीला खाली सोडून आली. आली ती दुसरं पुस्तक हातात घेऊनच. खुर्ची ओढून आबांच्या समोर बसली.

"पुडकं तुम्ही फोडलंत हे मला त्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "पुस्तकं वाचताय तेही. मुद्दाम समोर ठेवत होते. वाटलं, तुम्ही स्वतःहून काहीतरी बोलाल."

आबांनी उत्तरं तयार ठेवली होती. तो काळच तसा होता. वरून आदेश होते. मी नसतो तर ती पोरं विटाच वाहत राहिली असती. ते ताठ बसले. "विचार. एकदाचं काय ते विचार."

"तुम्हाला तो विश्वजित आठवतो? पळून गेलेला?"

"आठवतो."

"त्याची आई आली होती. तुम्ही तालुक्याला होता. शिपाई जेवायला गेलेला, पोरं मागच्या मैदानात कवायतीला. फाटकाशी मी एकटी होते." तिचा आवाज बारीक झाला. "ती म्हणाली, 'माजा बुध्या कुठं हाय गं?' आणि मी म्हणाले, 'बुध्या नावाचं इथं कुणी नाही.' मला माहीत होतं, आबा. बुध्या कोण ते मला चांगलं माहीत होतं, आम्ही रोज एकत्र खेळायचो. तुम्ही नियम केला होता ना, म्हणून मी शहाणपणानं सांगितलं. बत्तीस वर्षं झाली. आईलासुद्धा सांगितलं नाही. हे वाचायला लागले ते त्यासाठी. म्हटलं, फाटकावरच्या माणसाबद्दल कुणीतरी काहीतरी लिहिलं असेल. त्याचं पुढं काय होतं, तो कसा जगतो. कुणीच लिहिलेलं नाही."

आबांचा जीव भांड्यात पडला. हे कबूल करायलाच हवं. पोर समोर रडत होती आणि बापाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिला माझं काही माहीत नाही.

"तू लहान होतीस," ते म्हणाले.

"सगळे तेच म्हणतील. पण मी नसते आणि तुम्ही असता, तर तुम्ही तिला पोरगं बोलावून दिलं असतं. तेवढंच विचारायचं होतं. दिलं असतं ना?" तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

हो म्हणायचं होतं फक्त. हो म्हटलं की ते वाक्य शाबूत, गोळ्या वेळेवर, नखं वेळेवर, आणि ही पोर आयुष्यभर त्या फाटकाशी उभी. महिनाभर ज्या लेकीवर डोळ्यांत तेल घालून पहारा केला, तिच्या तोंडाकडं आबांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"मी तालुक्याला नव्हतो," ते म्हणाले. "ऑफिसात होतो. खिडकीमागं. सगळं ऐकलं मी."

राजलक्ष्मीनं मान हलवली. डोळे पुसले, आणि चक्क हसली. "नका, आबा. माझ्यासाठी खोटं बोलू नका. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही काहीही अंगावर घ्याल, मला काय तुमचा स्वभाव माहीत नाही?"

इथं थांबलं असतं तरी चालण्यासारखं होतं. खरं सांगून झालं होतं, तिला पटलं नव्हतं, दोघांचंही भागलं होतं. आबा क्षणभर थांबलेही.

"तिच्या पदरात काकडी होती," ते म्हणाले. "गावठी, मोठी. तू नाही म्हणालीस तरी तिनं ती गुडघ्यावर मोडली आणि अर्धी तुला दिली. तू पायरीवर बसून खाल्लीस. हात फ्रॉकला पुसलेस."

काकडीचं राजलक्ष्मीनं कुणालाच सांगितलं नव्हतं, आत्ता त्यांनाही नाही. ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिचा हात त्यांच्या गुडघ्यावरून हळूच निघाला आणि तिच्या मांडीवर गेला.

"ऑफिसपासून फाटक किती लांब होतं?" तिनं विचारलं.

"दहा पावलं."

"उरलेली अर्धी?"

"पायरीवर ठेवून गेली. म्हणाली, आला तर दे."

"मला ती परत दिसली नाही."

"मी उचलली," आबा म्हणाले. "उकिरड्यावर टाकली. सकाळी तपासणी होती."

राजलक्ष्मी उठली. पुस्तक उचलून ती आपल्या खोलीत गेली. दार तिनं लावून घेतलं नव्हतं, पण आबांना तिकडं बघायचा धीर झाला नाही.