विकतचा गंज

जगात मूर्खांची कमतरता कधीच नव्हती, पण पैसे देऊन गंज विकत आणणारा मूर्ख पेंटरने पहिल्यांदा पाहिला तो आपल्या जावयाच्या रूपाने. अंगठ्याएवढी बाटली, आत तपकिरी भुकटी आणि वर लेबल: 'अस्सल जुना गंज'. पेंटरची पस्तीस वर्षं गाड्यांचा गंज खरवडण्यात गेली होती. वर्कशॉपच्या फरशीवरून रोज घमेलंभर गंज झाडून बाहेर जायचा. तो बाटल्यांत भरून ठेवला असता तर आज बंगला उभा राहिला असता.

"बाबा, याला डायोरामा म्हणतात," जावई म्हणाला. जेवणाच्या टेबलावर त्याने वीतभर लांबीची खेळण्यातली गाडी आणि पुठ्ठ्याची दोन घरं मांडली होती. "नुसती गाडी नाही ठेवायची. तिच्याभोवतीचं जगही उभं करायचं."

"देखावा म्हणा की सरळ. आणि जावईबापू, टपावर गंज कुठून आला हो? आभाळातून पडला?"

"जुनी गाडी दाखवायचीय ना."

"गंज खालून चढतो. मडगार्डच्या आतून, दाराच्या तळातून, चिखल बसतो तिथून. टपापर्यंत पोचेस्तोवर गाडी भंगारात गेलेली असते."

"बरोबर आहे," म्हणत जावयाने ते वहीत टिपून घेतलं. पेंटरला सगळ्यात चीड याचीच होती. चिडणाऱ्याशी भांडता तरी येतं. टिपून घेणाऱ्याचं काय करायचं? दिवसभर विम्याचे कागद चाळायचे आणि संध्याकाळी चष्मा नाकावर ओढून चिमट्याने खेळायचं, हा याचा पुरुषार्थ. त्यातून तो पडला जावई. मनात कितीही गाढव म्हटलं तरी तोंडाने अहो-जाहो करणं भाग होतं.

छंद मंडळाचं प्रदर्शन महिन्यावर आलं होतं. त्यात एक विभाग 'कमी खर्चातला देखावा' असा होता. अट एकच, सगळा खर्च दोन माणसांच्या साध्या जेवणात बसला पाहिजे.

"यातलं अर्धं जेवण तुम्ही गंजाला चारलंत," पेंटर म्हणाला.

जावई हसला. मग जरा घुटमळत म्हणाला, "बाबा, आपण दोघांनी मिळून केला तर? गॅरेज कसं असतं ते तुमच्याइतकं कोणाला माहीत? बांधकाम तुम्ही करा. बारीक रंगकाम मी करतो."

पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रंगकाम तुम्ही? मग मी काय पस्तीस वर्षं भिंतींवर शेण थापत होतो? माझा देखावा मी वेगळा करीन. एकट्याने."

एवढं भडकायला कारण होतं, आणि ते त्याने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. मालकाला रंगातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून दीड वर्षापूर्वी वर्कशॉप सोडलं, असं तो सगळ्यांना सांगे. खरी गोष्ट अशी, की त्याचा उजवा हात थरथरू लागला होता. पाठोपाठ तीन गाड्यांवर ओघळ आले. रंग एका जागी जास्त बसला की खाली वाहतो आणि त्याची जाड रेघ वाळते, तो ओघळ. ज्याच्या हातून ओघळ येई त्याला पेंटर चारचौघांत सोलून काढायचा. स्वतःवर वेळ आली तेव्हा, नाचता येईना अंगण वाकडं, या चालीवर त्याने मालकावर खापर फोडलं आणि तो घरी बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तेव्हापासून उजवा हात बहुतेक खिशात असे. आता या वीतभर गाडीवर एकदा नीट रंग चढला, तर हात अजून गेलेला नाही, हे त्याचं त्यालाच पटणार होतं. बक्षीस खड्ड्यात गेलं.

भंगारवाल्याकडून त्याने एक तीन चाकांची खेळण्यातली गाडी आणली. खर्च झाला तो एवढाच. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोलून त्यांची चांदी कंगव्याच्या दातांवर दाबली, की झाला छपराचा पन्हळी पत्रा. वापरलेला पॉलिश पेपर फरशीला चिकटवला. संपलेल्या रिफिलींचे पाइप केले, नळाच्या जुन्या वायसरांची टायरं रचली. तारेची घासणी मिठाच्या पाण्यात बुडवून खिडकीत ठेवली, तर चार दिवसांत वाटीभर फुकटचा गंज तयार झाला, आणि तो लागला जिथे लागायला हवा तिथेच, दाराच्या तळाला. चौथं चाक बसवायच्या फंदात तो पडला नाही. गाडी जॅकवर चढवली आणि चाक बाजूला टेकवून ठेवलं. गॅरेजमध्ये गाडी चार चाकांवर उभी असती तर लोकांनी गॅरेजं कशाला काढली असती?

मग रंग. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून त्याने टप रंगवला, बॉनेट रंगवलं. छान बसला रंग. पेंटर गालात हसला. चालकाच्या बाजूचं दार तेवढं राहिलं होतं, आणि तिथेच मनगटाने झटका दिला. रंग दाटला आणि वाहिला. त्याने खरवडलं, पुन्हा लावला, पुन्हा ओघळ. तिसऱ्यांदाही तेच. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं. त्याने गाडी फिरवली आणि ते दार गॅरेजच्या भिंतीकडे केलं.

सकाळी देखावा हॉलपर्यंत जावयानेच उचलून नेला. टेबलावर ठेवताना त्याने तो चारी बाजूंनी, वरूनही पाहिला. म्हणाला फक्त, "पत्रा कंगव्यावर दाबलात ना? फार छान." याला ओघळ दिसला नसणार, पेंटरने स्वतःची समजूत घातली. टपावर गंज लावणाऱ्याला काय डोंबल दिसणार!

हॉलमध्ये एकाहून एक नग होते. एकाने गाडीपेक्षा उंच कुत्रा उभा केला होता. दुसऱ्याच्या पेट्रोल पंपाला नळीच नव्हती. तिसऱ्याचा देखावा इतका स्वच्छ होता की तिथे गाडी दुरुस्त होते की बाळंतपण, कळायला मार्ग नव्हता. पेंटर खिशात हात घालून नाकाने कांदे सोलत हिंडला. मुलगी मागून "बाबा, हळू बोला" म्हणत होती.

परीक्षक दुकानांच्या काचा सजवणारा होता. गळ्यात स्कार्फ आणि चेहऱ्यावर अक्कल वाटत फिरल्याचा भाव. पेंटरच्या गॅरेजपाशी तो थांबला. कंगव्यावरचा पत्रा त्याला दिसला नाही. खालून चढलेला गंज दिसला नाही. त्याने मोबाइलचा दिवा गाडी आणि भिंतीमधल्या फटीत घातला आणि किंचाळला, "अहाहा! हे बघा! हा ओघळ बघा! गाडी रडतेय! आणि तो अश्रू कलाकाराने लपवून ठेवलाय! काय धाडस आहे! पहिलं बक्षीस!"

लोक गोळा झाले. टाळ्या पडल्या. काही न बोलता मान डोलावली असती तर काम भागलं असतं. मूठ झाकलेली राहिली असती, वर बक्षीस मिळालं असतं. पण पस्तीस वर्षं ज्या चुकीवरून माणसं सोलली, तिचीच आरती ओवाळलेली पेंटरला सोसेना. लाजेपेक्षा तिरस्कार मोठा निघाला.

"अश्रूबिश्रू काही नाही," तो ओरडला. "चुकलंय ते! हात थरथरतो माझा, म्हणून रंग वाहिला. तुम्हाला चूक आणि काम यातला फरक कळत नसेल तर परीक्षक कशाला झालात? बक्षीस नको मला."

"किती हा विनय!" परीक्षक म्हणाला. अशा माणसापुढे पेंटरनेही हात टेकले.

मुलगी मात्र पांढरी पडली होती. "बाबा, कधीपासून?"

उत्तर जावयाने दिलं, हळूच. "दीड वर्ष झालं. काम सोडलं तेव्हापासून."

"तुला माहीत होतं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी सांगितलं नव्हतं ना," जावई म्हणाला. "मग मी कसं सांगणार?"

पेंटरला शिवी सुचेना. दीड वर्ष याला आपण आंधळा समजत होतो. आणि हा आपला हात बघून, ओळखून, कधी त्याच्याकडे नजरसुद्धा वळू न देता वागला होता. त्याच्यापुढे पेंटरला स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात मंडळाचा चिटणीस जाडजूड रजिस्टर घेऊन आला. "बक्षीस नको असेल तर नको म्हणून इथे सही लागेल. नियम आहे."

आता सगळा हॉल बघत होता. पेंटरने उजवा हात खिशातून बाहेर काढला. पेन घेतलं तसं ते पानावर टकटक वाजू लागलं. मी करतो, असं जावई म्हणाला नाही. त्याने फक्त पुढे होऊन रजिस्टरच्या कडेवर दोन बोटं रोवली, पान हलू नये म्हणून.

सहीला बराच वेळ लागला. जावयाने बोटं काढली नाहीत.